हरणांची व्यवस्था

ऑफिसातले जपानी लोक त्यांना ताईसान म्हणत. आम्ही पुण्या-मुंबईची चार-पाच जणं त्यांना ताई म्हणायचो, ते ऐकून बाकीच्यांचा समज झाला की हेच यांचं आडनाव, आणि तो दूर करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पुढे मला कळलं की जपानीत ताई म्हणजे मासा. लालसर, शुभकार्यात शेपटीसकट भाजून वाढतात तो. आयुष्यात अंडंही न खाल्लेल्या बाईला सगळा मजला माशाच्या नावाने हाक मारत होता. मी जरा चाचरतच त्यांना हे सांगितलं. त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, “शुभ आहे ना? मग राहू दे.” पुढच्याच महिन्यात त्यांनी त्या नावाचा शिक्का करून घेतला. इथे बऱ्याच कागदांवर सहीऐवजी शिक्का चालतो.

काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि नोंदवायच्या. ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की ऑफिस सुटलं तरी काम सुटत नसे. टोकियोतल्या ओजिमात आम्ही एकाच सरकारी वसाहतीत राहायचो, त्या नवव्या मजल्यावर, मी चौथ्या. एका सकाळी माझी कचऱ्याची पिशवी हातात घेऊन त्या दारात उभ्या. मी खाली ठेवून आलेली पिशवी त्यांनी परत वर आणली होती.

“बाटली धुतलीस, झाकण काढलंस, पण बाटलीवरचा कागद तसाच,” त्या म्हणाल्या. “कोणी काही बोलणार नाही गं. पण बोलायची वेळ आणायची कशाला?”

माझा नवरा आत हसत होता. मी रागारागाने कागद सोलायला बसले. तो सोलून होईपर्यंत त्या दारातच उभ्या राहिल्या.

जेवायच्याही उभ्यानेच, ओट्यापाशी, थेट डब्यातून. एका माणसासाठी पान मांडायचं म्हणजे नाटक, असं त्यांचं म्हणणं. सणावाराला आम्ही कोणाच्या तरी घरी जमलो की सगळ्यांत आधी हात धुऊन त्याच मोकळ्या झालेल्या असत. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

जपानी त्यांना बावीस वर्षांत जेवढी आली तेवढी मीटिंगपुरती. भाजीवाल्यालाही त्या ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे’ असं कंबरेत वाकून म्हणत आणि मग सरळ मराठीत “दोन द्या” म्हणून बोटं दाखवत. वाचता तर एक अक्षर येत नसे. पत्रं, नोटिसा, औषधाच्या पुड्या, सगळं माझ्याकडे यायचं. मी नवऱ्यामागून इथे आलेली. घरात बसून कंटाळा आला म्हणून भाषा शिकले, परीक्षा दिल्या, आणि ताईंच्याच कंपनीत लागले. जपानी ग्राहक आणि आपले इंजिनिअर यांच्या मधे बसून इकडचं तिकडे सांगायचं. या पदाला इथे ब्रिज म्हणतात. दोन्हीकडची माणसं पाय देऊन जातात, त्याची सवय होते. आपण काय सांगतो आणि काय गाळतो याचा हिशोब कोणी मागत नाही, त्याचीही सवय होते.

ताईंनी एकदाही मागितला नाही. “तू वाचलंस ना? मग झालं,” एवढंच म्हणायच्या.

त्यांच्या आई सांगलीजवळच्या गावी एकट्या असत. देशांच्या सीमा बंद होत्या त्या काळात त्या वारल्या. ताईंनी सगळं फोनवर पाहिलं. चुलतभावाने फोन धरला होता आणि रेंज सारखी जात होती. मी वरणभात घेऊन वर गेले तर लॅपटॉप उघडा. डबा घेतला, म्हणाल्या, “रिलीज शुक्रवारी आहे.” आणि दार लावलं. आईला त्या दर दिवाळीला फोनवर सांगत, पुढच्या वर्षी कायमची येते. हे मला नंतर त्या चुलतभावाकडून कळलं, त्यांच्याकडून कधीच नाही.

सीमा उघडल्या तेव्हा आम्ही सगळे मिळेल त्या विमानाने घरी धावलो. ताई गेल्या नाहीत. त्यांनी डोंगरात एक घर घ्यायचं काढलं.

इथली गावं ओस पडत चालली आहेत. रिकामी घरं घ्या हो, म्हणून लोक मागे लागतात. ताईंनी जे पाहिलं ते टोकियोहून गाडीने अडीच तास, मग दिवसातून तीनदा सुटणाऱ्या बसने तासभर. पहिल्यांदा गेलो ते जानेवारीत. दुभाषी म्हणून मी बरोबर. घर दाखवणारा माणूस छपराबद्दल, नळाबद्दल सांगत होता, मी मराठीत करत होते, आणि ताईंचं लक्ष भलतीकडेच. मागच्या उतारावर बर्फात एक हरणी उभी होती. दातांनी झाडाची साल ओरबाडून खात होती. बरगड्या मोजून घ्याव्यात. त्या माणसाने टाळ्या वाजवून तिला हाकललं.

“त्यांना विचार, ती काय खात होती,” ताई म्हणाल्या.

मी विचारलं. तो म्हणाला, थंडीत खायला काही उरत नाही, मग साल खातात. फार त्रासदायक जनावर आहे, गावाचं फार नुकसान करतं.

मी ताईंना सांगितलं, “खायला काही नाही म्हणून साल खातात.” पुढचं सांगायच्या आत त्या म्हणाल्या, “घर घेते म्हणून सांग.”

त्यानंतर बावीस वर्षांत प्रथमच त्यांनी रजा टाकली. अर्जावरचं कारण मीच जपानीत लिहून दिलं: पेरणी. मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं की हा एखादा भारतीय सण आहे का.

आम्हाला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. तसं नव्हतं. घरामागच्या उताराचा पडीक तुकडा त्यांनी स्वतः साफ केला. कमरेएवढं बांबूगवत माजलं होतं, ते विळ्याने कापलं, मुळं खणून काढली. माती तपासून घेतली. आंबट निघाली म्हणून चुना फेकला. सप्टेंबरात ओट आणि पांढरं क्लोव्हर, दोन्ही जनावरांचा चारा, पेरलं, आणि बी मातीत नीट बसावं म्हणून सगळ्या तुकड्यावरून पावलाला पाऊल लावून चालल्या. सोमवारी ऑफिसात लंगडत आल्या. पुढे लसूणघासाचं बी मिळालं तेव्हा त्यांनी मला मुद्दाम फोन केला. लहानपणी घरी म्हशी होत्या, त्यांच्यासाठी बांधावर लसूणघास असायचा म्हणे. फोनवर इतकं बोलताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं.

हे सगळं हरणांसाठी. स्वतःसाठी त्यांनी कोथिंबिरीची काडीही लावली नाही.

टेस्टिंग इथेही सुटलं नाही. तुकड्याच्या मधोमध जाळीचा हातभर पिंजरा ठेवला होता. आतलं गवत हरणांना खाता येत नाही, मग बाहेरचं किती खाल्लं ते आतल्याशी ताडून कळतं. झाडाला कॅमेरा बांधला होता, समोरून जनावर गेलं की तो आपोआप फोटो काढी. सोमवारी त्या माझ्या टेबलापाशी येत, आणि लोक मुलांचे मार्क सांगतात त्या सुरात म्हणत, “पिंजऱ्यात गुडघाभर, बाहेर दोन बोटं.” हरणांना नंबर दिले होते. तीन नंबरचा कान फाटलेला, सात नंबर गाभण. फोटो आम्हा सगळ्यांना मेलवर यायचे. मी ते न उघडताच ‘मस्त’ असं उत्तर पाठवायची.

एकदा परतीच्या गाडीत मी विचारलं, “ताई, पण कशासाठी?”

त्या बाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “ती येतात गं.”

शेजारच्या घरात एक आजी होती. पंचाऐंशीच्या घरातली, एकटी, कमरेत वाकून काटकोन झालेली. मुलगा योकोहामात. गावात सात घरं, त्यांतली चार बंद. आजी घराखालच्या शेतात मुळे, कांदापात आणि मुख्य म्हणजे सोयाबीन लावायची. दर हिवाळ्यात त्या दाण्यांचं मिसो घालायची. मिसो म्हणजे दाणे शिजवून, वाटून, मुरत ठेवून केलेला खारट लगदा, आपल्याकडे लोणचं घालतात तसा वर्षाचा साठा. तिची सासू घालायची, तेच बी, तीच पिंपं. ताईंना तिने डबाभर दिलं. ताई ते आमटीत घालायला लागल्या. “चव येते गं,” म्हणून मलाही वाटीभर आणून दिलं.

दोघींची मैत्री बघण्यासारखी होती. आजी तिथल्या ठसक्याच्या बोलीत बोलायची, दातही थोडेच राहिलेले. ताई मीटिंगच्या भाषेत उत्तर द्यायच्या, आणि ते संपलं की मराठीत. ओसरीवर दोघी तास तास बसायच्या. एकमेकींचं अक्षर कळत नसावं. मी भाषांतर करायला गेले तर दोघीही मला थांबवायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत कॅमेऱ्यात एका वेळी अकरा हरणं दिसायला लागली. त्या वसंतात मी ताईंशी पहिल्यांदा वाद घातला होता. म्हटलं, इतकी हरणं इथे येतायत, आजूबाजूला लोकांची शेतं आहेत. त्यांचा सिद्धांत तयार होता. “पोट भरलेलं जनावर दुसऱ्याच्या ताटात तोंड घालत नाही. मी खायला घालतेय म्हणूनच आजींचं शेत वाचतंय.”

“पोट भरल्यावर पिल्लंही जास्त होतात, ताई.”

“आकडे आण,” त्या म्हणाल्या. “आकड्यांशिवाय बोलू नकोस.”

ऑगस्टमध्ये मी त्यांच्याबरोबर चार दिवस राहायला गेले. नवरा कामासाठी बाहेरगावी होता, आणि ओजिमातल्या उकाड्यापेक्षा डोंगर बरा. दुसऱ्या दिवशी पहाटेच खाली गेले तर आजी शेतात उभी होती. कडेचं जाळं आडवं पडलेलं. सोयाबीनच्या ओळीच्या ओळी, नुसते दांडे उरले होते. शेंगा भरायच्या बेतात होत्या. ओल्या मातीत खुरांचे ठसे सगळीकडे, आणि ते आले कुठून हे समजायला कॅमेरा नको होता. ताईंच्या उतारावरून सरळ वाट पडली होती.

आजीच्या पोटरीला एक जळू चिकटली होती. हरणांबरोबर डोंगरातल्या जळवा खाली येतात. दोन वर्षांपूर्वी इथे नव्हत्या, ती म्हणाली. खिशातून मिठाची पुडी काढून तिने ती जळू सोडवली. रक्ताची बारीक धार बुटात उतरली. मग ती जाळं गोळा करायला लागली. मी दुसरं टोक धरलं.

“मिसोचं काय करणार?” मी विचारलं.

“दुकानात मिळतं,” आजी म्हणाली. जाळं गुंडाळत म्हणाली, “हरणांनाही भूक असते. ताईसानला सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल. इतक्या वर्षांनी शेजारच्या घरात दिवा लागलाय.”

मी सांगितलं नाही. ताईंनी शेत पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “रानडुकरं. माझी हरणं काल माझ्याकडेच होती, फोटो आहेत.”

सप्टेंबरात गावाचे प्रमुख आले. स्वतः पंच्याहत्तरीचे, हातात मिठाईचा खोका. मी होतेच. ओसरीवर बसून चहा घेतला, हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, “ताईसानच्या मेहनतीचं आम्हा सगळ्यांना कौतुक वाटतं. हरणंही अलीकडे फार उत्साहात आहेत.”

इथे कोणी असं बोललं की त्याचा अर्थ, बाई, आता पुरे करा. मी ताईंना म्हटलं, “ते म्हणतायत हरणं फार झाली आहेत, आणि त्यांना ते पसंत नाही.”

“त्यांना आकडे दाखव,” म्हणत ताईंनी लॅपटॉप आणला. तक्ता उघडला. कोणत्या महिन्यात किती आली, किती पिल्लं झाली, कुठलं बी जास्त आवडलं. प्रमुखांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वाढत जाणाऱ्या रेघेवर बोट ठेवून ते हळूच म्हणाले, “फारच व्यवस्थित काम आहे.” ताईंना तेवढी जपानी कळत होती. त्या खूश झाल्या.

महिन्याभराने प्रमुख पुन्हा आले, यावेळी कागद घेऊन. दोनच परिच्छेद होते. गावाच्या परवानगीने, हानिकारक प्राणी पकडण्यासाठी, या जागेत मार्चअखेरपर्यंत तारेचे फासे लावायला मालकाची संमती आहे. खाली शिक्क्यासाठी गोल. प्रमुखांनी कागद माझ्यासमोर ठेवला आणि तळवे मांडीवर ठेवून बसून राहिले. हरणं ताईंच्या तुकड्यात खात्रीने येतात, तेव्हा फासे लावायला त्याहून चांगली जागा डोंगरात नव्हती.

“काय आहे?” ताईंनी विचारलं.

“हरणांची व्यवस्था करायची आहे,” मी म्हणाले. “त्यासाठी तुमच्या जागेत यायची परवानगी हवी आहे.”

“कसली व्यवस्था?”

“गावाची योजना आहे काहीतरी. शेतांचं नुकसान होऊ नये म्हणून.”

“बरं. तू वाचलंस ना?”

“वाचलं.”

त्यांनी पर्समधून शिक्का काढला, त्यावर तोंडाने वाफ दिली आणि गोलात नीट दाबला.

मी असं का केलं, याची उत्तरं मी पुष्कळ दिली आहेत, स्वतःलाच. आजीचं नुसते दांडे उरलेलं शेत डोळ्यांपुढे होतं. ताई ऐकणाऱ्या नव्हत्या. आणि शेवटची बस चार चाळीसची होती, मला ती गाठायची होती. खरं सांगितलं असतं तर वाद झाला असता आणि तो दोन्ही बाजूंनी मलाच करावा लागला असता. यातलं कुठलं कारण किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते.

“अगं, सात नंबर तारेत अडकलीय. पाय पार सुजलाय. तारेला एक पाटी आहे, फोटो पाठवलाय, बघ कोणाचा नंबर आहे.”

फोटो पाहिला. फास लावणाऱ्याचं नाव, नंबर, परवान्याचा क्रमांक. मी वाचून दाखवलं. फक्त नाव आणि नंबर.

“त्यांना फोन कर. लवकर या म्हणावं. मी तिच्याजवळ बसते.”

मी फोन केला. पलीकडे एक म्हातारा, प्रेमळ आवाजाचा. मी म्हटलं, ताईसानच्या जागेत एक हरीण अडकलंय. तो म्हणाला, कळवल्याबद्दल आभारी आहे, वीस मिनिटांत पोचतो. मी ताईंना सांगितलं, “येतायत वीस मिनिटांत.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. फोन त्यांनी बंद केला नाही, बहुधा गवतात ठेवला. मला त्यांचा आवाज येत होता. “थांब गं. थांब थोडं, येतायत. ओढू नकोस. ओढलंस की आणखी आवळतं.” सांगलीकडचा हेल होता बोलण्यात, ऑफिसात कधी न ऐकलेला.

वीस मिनिटं होती. मला सांगता आलं असतं, तो सोडवायला येत नाहीये. तेवढं सांगून तिथे काय बदललं असतं, असं मी स्वतःला म्हणत होते, आणि ओट्यापाशी उभी राहून कानाला लावलेला फोन ऐकत होते. मग गाडीचा आवाज आला, पावलं, ताईंचं ते ‘आपल्या सहकार्याबद्दल ऋणी आहे’. मी फोन बंद केला.

दुपारी त्यांनी पुन्हा फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता.

“त्यांनी आधी तिला हात जोडले,” त्या म्हणाल्या. “मग मला. छान पोसलीय म्हणाले बहुतेक. छान एवढा शब्द मला कळला.” मग, “पोटात पिल्लू नव्हतं. ते मी बघितलं.”

रविवारी तो माणूस रीतीप्रमाणे कागदात नीट बांधलेला मांसाचा वाटा घेऊन आला होता. ताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

सोमवारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. बसल्या नाहीत.

“त्या कागदावर पकडणे असा शब्द होता?”

“होता.”

“मग तू व्यवस्था का म्हणालीस?”

“ताई, मला वाटलं…”

“काय वाटलं ते नको. होता ना, एवढंच विचारायचं होतं.”

मी म्हटलं, संमती मागे घेता येते, मी आजच पत्र लिहून देते. “आणि आजींच्या शेंगा?” त्या म्हणाल्या. “त्या कोणी खाल्ल्या ते मला ऑगस्टमध्येच दिसलं होतं. ठसे काय डुकराचे असतात तसे? मला बघायचं नव्हतं.” एवढं बोलून त्या जागेवर गेल्या. पत्र लिहायला त्यांनी सांगितलं नाही, आणि मी आपणहून लिहिलं नाही.

त्या डोंगरात जायच्या बंद झाल्या. ओट मात्र थंडीतही हिरवा राहतो, आणि त्यांनी तो फार मेहनतीने पेरला होता. सगळीकडे बर्फ आणि त्या एका तुकड्यात चारा, त्यामुळे हरणं येतच राहिली. फास लावणारा सभ्य माणूस होता. दर वेळी मला मेसेज करायचा: आज एक मिळालं, ताईसानना आमचे आभार कळवावेत. मी ते मराठीत करून पुढे पाठवायची. त्यांचं उत्तर यायचं, “नोंद केली.” मार्चपर्यंत असं आणखी सहा वेळा झालं. फाटक्या कानाचा जानेवारीत गेला. त्याचा फोटो त्या माणसाने पाठवला होता, तो मी पुढे पाठवला नाही. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे.

मार्चच्या शेवटी आजी अंगणात पडली. मुलगा येऊन तिला योकोहामाला घेऊन गेला. घर बंद झालं, पिंपं तशीच आत. तिच्या शेतात त्या वर्षी सोयाबीन लावलंच नाही, त्यानंतरही कोणी लावलं नाही. प्रमुखांनी फोन करून मला हे सांगितलं, आणि नेहमीप्रमाणे ताईसानना कळवा म्हणाले. मी ताईंना लिफ्टमध्ये गाठून सांगितलं.

“बियाणं कोणाला दिलं त्यांनी?” ताईंनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या माझ्याशी मराठीत बोलल्या ते शेवटचं.

त्या एप्रिलपासून ताई वॉर्डाच्या मोफत जपानी वर्गात जायला लागल्या. मंगळवार आणि शुक्रवार, सत्तावन्नाव्या वर्षी, पहिलीतल्या मुलांच्या चौकटीच्या वह्या घेऊन. वर्गात बाकीच्या सगळ्या विशी-तिशीतल्या मुली. वर्षभरात पत्रपेटीतल्या नोटिसा त्या स्वतः वाचायला लागल्या. अडलं तर शब्दकोश. डोंगरातल्या घराची पत्रंही त्यांची त्याच बघत. गावाचा तो संमतीचा कागद दर हिवाळ्याआधी नव्याने येतो, हे मला प्रमुखांकडून कळलं. त्यांनी त्यावर शिक्का मारला की नाही, हे मला ठाऊक नाही. क्लोव्हर एकदा लागलं की वर्षानुवर्षं आपलं आपण फुटत राहतं.

आमच्यात भांडण झालं नाही. ऑफिसात त्या माझ्याशी जपानीत बोलतात, वसाहतीतही जपानीतच. सकाळी ‘शुभ प्रभात’, संध्याकाळी ‘आज खूप काम केलंत’. आदरार्थी, निर्दोष. पुण्याकडची नवी मंडळी येतात, त्यांना वाटतं, ताईंची भाषा सुधारण्यासाठी आमचं तसं ठरलं आहे.

परवा ओजिमा स्टेशनच्या बाकावर त्या वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फलाटावर गर्दी नव्हती. मी शेजारी बसले. दोन वर्षं मनात घोळवलेलं वाक्य अखेर बोलून टाकलं.

“ताई, तो कागद मी नीट वाचला होता. शब्द न् शब्द कळला होता मला. आणि त्या सकाळी तो माणूस कशासाठी येतोय, तेही माहीत होतं.”

त्या एक अक्षर काढत होत्या. बऱ्याच रेघांचं, अवघड. ते पुरं केलं, पेनाला टोपण लावलं, आणि माझ्याकडे वळून जपानीत म्हणाल्या, “त्याची मला कल्पना आहे.” ग्राहकांशी बोलताना वापरतात ते नम्र रूप होतं. क्रियापद बरोबर, शेवट बरोबर, उच्चारातही कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

गाडी आली. त्यांनी थोडं वाकून मला आधी चढू दिलं, आणि स्वतः चालत पुढच्या डब्यात गेल्या.